वीस पिल्लं आणायच्या आधी

तुमचे प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुंबईची नोकरी सोडून तुम्ही गुहागर तालुक्यात वडिलांच्या घरी कायमचे राहायला आलात. घरामागे तीन गुंठे मोकळी जागा आहे आणि तिथे वीस पिल्लं पाळायचा विचार आहे. अंडी घरची, कोंबडीही घरचीच. जात कुठली घ्यावी, काय काय लागेल आणि कोंबडा घरी कापायला जमेल का, कारण तो विचार आला तरी हात थरथरतात. शेवटचा प्रश्न आठ वर्षांच्या लेकीचा: तिनं कोंबड्यांना नावं ठेवली तर काय करायचं?

मी चिपळूण तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या खुराड्यात सात कोंबड्या होत्या. त्यांचं करायला लागले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आज माझ्याकडे साठ-सत्तर पक्षी असतात. अंडी विकते, आषाढात कोंबडे विकते आणि घरी खायचा कोंबडा स्वतः कापते. आमच्या वाडीत हे बाईमाणसाचं काम समजत नाहीत. पण घरातले पुरुष मुंबईला आणि कापून देणारा शेजारी एका पावसाळ्यात अंथरुणाला खिळला, तेव्हा मी शिकले. हात माझेही थरथरत होते.

दादा, कापायला जमेल. त्याची रीत खाली सविस्तर लिहिते. पण कापण्याची वेळ येईपर्यंत पक्षी जगला पाहिजे, आणि नवीन माणसाचं बहुतेक नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात आधी महिना ठरवा, जात मागाहून. जून ते सप्टेंबर नवीन पिल्लं आणू नका. आपल्याकडे पाऊस लागला की भिंतीला ओल, जमिनीला ओल, हवेतही ओल. लहान पिल्लाला ती सोसत नाही. दिवाळीनंतर आणा. तेव्हा हवा कोरडी असते, भात झोडून झालेलं असतं त्यामुळे तूस आणि कणी सहज मिळते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत नर कापण्याजोगे व तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यावर आलेल्या असतात. पावसाला तोंड द्यायला ते पक्षी चांगले दणकट झालेले असतात.

दुसरं, पहिल्या खेपेला एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. महिनाभर वाढवलेली, लसी झालेली घ्या. महाग पडतात, तरी घ्या. एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. म्हणजे बल्ब, भोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कुंपण, रात्री उठून बघणं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, कुंपणाला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय, सगळीकडे विखरून चरत असली तर बरोबर. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडची वीज रात्री दोनला गेली की वीसच्या वीस पिल्लं सकाळी एका कोपऱ्यात ढिगात गुदमरलेली सापडतात. हे शिकायचं असेल तर दुसऱ्या वर्षी शिका.

जातीचं म्हणाल तर आपल्याकडे ज्याला गावठी म्हणतात आणि घाटावर गावरान, ती कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, फार तर ऐंशी. पण ती चपळ असते, घार दिसली की जाळीखाली घुसते, स्वतः अंडी उबवते आणि पिल्लं सांभाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेली ग्रामप्रिया अंड्यांना चांगली, तिथलीच वनराज अंगानं भरते. बंगळूरची गिरिराजही अंगानं भारी. या जाती परसात चांगल्या जगतात, पण खुडूक क्वचितच होतात, अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणजे पुढची पिढी त्यांच्याकडून घरी निघत नाही, आणि जड असल्यामुळे कुत्र्याच्या तावडीतून लवकर सुटत नाहीत. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. त्याच्या नावाला फार भाव आहे, म्हणून त्यात पैसे घालायची घाई करू नका. माझं मत विचाराल तर बारा ग्रामप्रिया घ्या आणि शेजारपाजारच्या घरातून पाच-सहा गावठी तलंगा व एक चांगला गावठी नर. पुढच्या वर्षी याच गावठी कोंबड्या तुमच्या ग्रामप्रियाची अंडीसुद्धा उबवून देतील.

आता खुराडं. वीस मोठ्या पक्ष्यांना रात्री बसायला सहा बाय सहा फुटांची जागा पुरते. ते जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच करा, खाली चिऱ्याचे खांब. जमिनीवर बांधलेल्या खुराड्यात आपल्याकडे जुलैत पाणी झिरपतं. आत बसायला दोन इंच जाडीचे गोल दांडे, दर पक्ष्याला आठ इंच जागा धरून. अंड्यांसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात फूटभर लांबीरुंदीची खोकी, चार-पाच कोंबड्यांना एक. दारापासून लांब, कारण कोंबडीला अंडं घालताना आडोसा लागतो. खाली चार इंच तूस, आणि ते हातात घेऊन मूठ आवळली तर गोळा होता कामा नये. गोळा झाला तर तूस बदला. ही एक सवय लावून घेतलीत तर रक्ती हगवणीपासून तुमची निम्मी पिल्लं वाचतील. हा रोग ओल्या बिछान्यात वाढतो आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना जास्त धरतो. पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून उभं राहतं आणि विष्ठेत रक्त दिसतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याच दिवशी औषध आणा आणि बिछाना सगळा उपसून टाका. नुसत्या औषधानं भागत नाही.

जाळी घेताना दुकानदार षट्कोनी घरांची कोंबडीजाळी दाखवेल. ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. माझ्याकडे एके वर्षी दाराखाली दोन बोटांची फट राहिली होती. सकाळी अकरा कोंबड्या मेलेल्या, खाल्लेली एकही नाही, सगळ्यांच्या माना चावलेल्या. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना कोंडलेला पक्षी सापडला की ते एकावर थांबत नाहीत. दिवसा घार आणि भटकी कुत्री, रात्री ही मंडळी. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला दार लावणं हे तुमच्या घरातल्या एकाच माणसाचं काम असू द्या. दोघांवर सोपवलं की एक दिवस दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं लावलं असेल. दार लावण्याआधी पक्षी मोजायचे, रोज. कोंबड्या अंधार पडू लागला की आपोआप येऊन दांड्यावर बसतात, मोजायला दोन मिनिटं लागत नाहीत.

नवीन पक्षी आणलेत की पहिले आठ-दहा दिवस बाहेर सोडू नका. आतच खाणंपिणं द्या. मग संध्याकाळी तासभर, मग दुपारपासून. घर कुठलं हे त्यांना कळलं की परत येतात.

मानमोडी या रोगाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या गावावरून. पक्षी तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट-पांढरं हगतात, मग मान पिळवटते, पाठीवर पडते. औषध नाही. लस एवढाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यानंतर याच रोगाच्या आर-टू-बी लसीची सुई पंखाखाली. मध्ये चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची आणि सहा-सात आठवड्यांनी देवीची लस. पिल्लं विकणाऱ्याला यातलं काय आणि कुठल्या तारखेला झालं ते कागदावर लिहून मागा. नुसतं ‘सगळं झालंय’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

लस घरी द्यायची तर अडचण अशी की लहानात लहान कुपीही शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. मी वाडीतल्या नऊ घरांचा एक दिवस ठरवते. सगळ्यांनी सकाळी आपापली पिल्लं डालग्याखाली अडवून ठेवायची, मी बर्फाच्या डब्यातून लस घेऊन घरोघर जाते. बर्फावर एवढा जोर का देते ते सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी लस तालुक्याच्या गावाहून कापडी पिशवीतून एसटीनं आणली. बर्फ अर्ध्या वाटेतच विरघळला होता. लस दिली, वहीत तारीख लिहिली, निर्धास्त झाले. जूनमध्ये मानमोडी आली आणि चौतीसपैकी एकोणतीस पक्षी नऊ दिवसांत गेले. गरम झालेली लस म्हणजे पाणीच, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. खड्ड्यात चुना टाकायला त्या माझ्याबरोबर आल्या.

मेलेला किंवा मरायला टेकलेला पक्षी कधीही कापून खाऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. दोन फूट खोल पुरा, वर चुना टाका. आणि एकाएकी बरेच पक्षी मरू लागले तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात. दोन्ही वेळा आमची अंडी कोणी घेईना. तेव्हा कळवायला उशीर करू नये एवढं मनावर पक्कं झालं. एका घराचं लपवणं अख्ख्या पंचक्रोशीला भोवतं.

खाण्याचा हिशेब सोपा आहे. मोठा पक्षी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खातो. वीस पक्षी म्हणजे दोन किलो, महिन्याला साठ. परसात मोकळे फिरले तर यातलं बरंच ते किडे, गवत, पडलेलं धान्य यावर भागवतात. तरी संध्याकाळचं खाणं तुम्ही घालायचंच, म्हणजे ते घरी परततात. भरडलेला मका, तांदळाची कणी, कोंडा, थोडी शेंगदाण्याची पेंड आणि मूठभर सुकट. आपल्याकडे सुकट स्वस्त, तिच्यातून प्रथिनं मिळतात. कापायचे नर मात्र शेवटचे दोन आठवडे सुकटीपासून लांब ठेवा, मांसाला वास धरतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा, लागेल तसा त्या खातात. कवच पातळ झालं, अंडं हातात दबू लागलं, की समजा चुरा संपलाय. पाण्याचं भांडं रोज घासायचं. खुराड्याच्या बाजूला चुलीतल्या राखेचा आणि कोरड्या मातीचा एक खड्डा करून द्या. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा झटकतात.

खुडूक कोंबडीचं वेगळं शास्त्र आहे, त्यावर कधी स्वतंत्र लिहीन. एवढंच लक्षात ठेवा: एका गावठी कोंबडीखाली दहा-बारापेक्षा जास्त अंडी नको, अंडी आठवडाभरापेक्षा जुनी नकोत आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. सासूबाई रवणात, म्हणजे उबवायला ठेवलेल्या अंड्यांत, कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवायच्या, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. मी अजून ठेवते. सातव्या दिवशी रात्री अंडं बॅटरीसमोर धरायचं. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नितळ दिसलं तर काढून टाका.

आता कापण्याकडे येते.

पाचव्या-सहाव्या महिन्यात नर आपसांत भांडू लागतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटतात. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो, आणि नुसती अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. बाकीचे नर म्हणजे तुमचं घरचं खाणं. जुनी कोंबडी कापायची असेल तर आधी ती खरंच अंड्यावरून उतरलीय का हे बघायला शिका. तिला बगलेत उलटी धरा, शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामध्ये तुमची दोन-तीन बोटं मावली आणि द्वार रुंद, ओलसर असलं तर ती अंडी देतेय. एकच बोट मावलं आणि द्वार आक्रसलेलं, कोरडं, तर बंद. मी हे शिकण्याआधी एक कोंबडी नुसत्या अंदाजानं कापली होती. पोट उघडलं तर आत बलकांची माळ: एक पूर्ण वाढलेला, मग सुपारीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढे कितीतरी. मागे कवच धरलेलं एक अंडं, दुसऱ्या दिवशी घालायचं. मी परात तशीच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर बोटं लावून पाहिल्याशिवाय मी कोंबडी कापली नाही.

तयारी आदल्या संध्याकाळी. पक्षी दांड्यावर बसला की अंधारात अलगद उचला, दिवसा पाठलाग करून धरू नका. घाबरून धावलेला पक्षी कापताना त्रास देतो आणि त्याचं मांसही चिवट होतं. डालग्याखाली वेगळा ठेवा, खाणं बंद, पाणी मात्र राहू द्या. दहा-बारा तासांत गळ्याची पिशवी आणि आतडी रिकामी होतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी काम स्वच्छ होतं. याच संध्याकाळी सुरीला धार लावा. पाच-सहा इंची, पातळ पात्याची सुरी घ्या, कोयती नको. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. न फाटता सरळ कापला तर धार आली. तुमच्या थरथरत्या हातांवर माझ्याकडे असलेला मोठा उपाय हाच आहे. बोथट सुरीनं धीट माणूसही पक्ष्याला छळतो.

एक नळकांडं लागेल. मी पाच लिटरच्या तेलाच्या प्लास्टिक डब्याचा तळ कापून टाकलाय आणि तोंड जरा मोठं केलंय. तो उलटा करून माडाच्या बुंध्याला दोन खिळ्यांनी ठोकलाय. पक्ष्याला दोन्ही पंख धरून बगलेत आणायचं, मिनिटभर तसंच छातीशी धरायचं आणि डोकं खाली करून त्यात सोडायचं. डोकं खालून बाहेर येतं, पंख आत दाबून राहतात. उलटा झाला की थोड्या वेळात पक्षी शांत होतो.

डाव्या हातानं डोकं धरा, चोच तुमच्या तळव्यात. अंगठ्यानं जबड्याच्या लगेच खालची, कानाच्या पाळीमागची पिसं बाजूला सारा, कातडी दिसली पाहिजे. सुरी पिसांवर घसरते, म्हणून हे. आपण कापतोय त्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या. एका बाजूला आत दाबून एक ओढ, लगेच दुसऱ्या बाजूला. रक्त धारेनं आलं पाहिजे. थेंब थेंब आलं तर कापणं वर राहिलं, वाट बघत थांबू नका, लगेच पुन्हा खोल ओढा. मग डोकं तसंच धरून ठेवा. थोड्या क्षणांत पक्ष्याची शुद्ध जाते, आणि त्यानंतर पंखांची फडफड होते. नवीन माणूस त्या फडफडीनं घाबरतो, वाटतं आपलं चुकलं. ती शुद्ध गेल्यानंतरची असते. दोन-तीन मिनिटं थांबा. डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलली नाही, की संपलं.

पाणी आधीच तापत ठेवलेलं असू द्या. ६० ते ६५ अंश लागतं. थर्मामीटर नसेल तर आपल्याकडे एक सोपं माप आहे: एक हंडा उकळतं पाणी आणि एक हंडा विहिरीचं साधं पाणी मिसळलं की जवळजवळ तेवढंच होतं. टोप थोडी ऊब खातो, म्हणून उकळतं किंचित जास्त घ्या. पक्षी पाय धरून त्यात पाऊण ते एक मिनिट बुडवा, वरखाली हलवत, म्हणजे पाणी पिसांच्या मुळाशी पोचतं. पंखाचं मोठं पीस ओढून बघा. सहज आलं तर बाहेर काढा. उकळत्या पाण्यात बुडवलात तर कातडी पिसांबरोबर सोलून निघेल. आधी पंख आणि शेपटीची मोठी पिसं, मग छाती, मग पाठ. गार होऊ देऊ नका. उरलेली लव जाळायला पेंढ्याच्या जाळावर फिरवून भाजायचं, मग हळद चोळून धुवायचं. त्या भाजलेल्या कातडीचा वास रश्श्याला उतरतो, दुकानात सोलून मिळणाऱ्या कोंबडीला तो कधीच येत नाही.

पोट उघडताना घाई नको. पाय गुडघ्याच्या सांध्यावर कापा, हाडावर नको. शेपटीच्या वरची तेलाची पिवळी गाठ काढून टाका, ती राहिली तर कडवट वास येतो. मानेची कातडी चिरून गळ्याची पिशवी बोटांनी सैल करा. मग गुदद्वाराच्या वर आडवी, उथळ चीर, फक्त कातडी आणि पातळ पडदा. सुरी खोल गेली की आतडं फुटतं. हात छातीच्या हाडाला चिकटवून आत न्या, पुढपर्यंत, आणि मूठ करून सगळं एकदम बाहेर ओढा. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फोडता, कलेजीचा थोडा तुकडा तिच्याबरोबर गेला तरी चालेल, अशी कापून काढा. फुटलीच तर तो भाग लगेच धुवा आणि हिरवं लागलेलं मांस कापून टाका. पेटा, म्हणजे दाणे दळणारी जाड मांसल पिशवी, मधोमध चिरून आतले खडे आणि पिवळी जाड साल सोलून काढा. फासळ्यांत चिकटलेली गुलाबी फुप्फुसं बोटानं खरवडा.

कलेजी उजेडात धरून बघा. एकसारखी तांबूस-तपकिरी, गुळगुळीत हवी. पांढरे ठिपके, गाठी, सूज दिसली किंवा पोटात घाण वासाचं पाणी निघालं, तर तो पक्षी खायचा नाही. कितीही जीव हळहळला तरी पुरायचा. आणि औषध चालू असलेला पक्षी कापायचा नाही. किती दिवस थांबायचं ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्या.

दोन किलोच्या नराचं साफ करून साधारण तेरा-चौदाशे ग्रॅम उरतं. लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवा, अंग आतून गार होईपर्यंत. कापल्यावर तासा-दोन तासांत पक्षी ताठ होतो, त्या वेळी शिजवलेलं मांस रबरासारखं लागतं. एक तर कापल्या कापल्या चुलीवर चढवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी करा. मी दुसऱ्या दिवशी करते. कापलेल्या दिवशी माझ्या घशाखाली फारसं उतरत नाही, सव्वीस वर्षांनीसुद्धा. पाट, सुरी, परात गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा, कोथिंबीर त्याच पाटावर चिरू नका. पिसं, आतडी आणि रक्त माडाच्या आळ्यापासून चार हात दूर दोन फूट खोल पुरा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. पुढच्या वर्षी तिथली माती आळ्यात ओढा.

पहिल्या वेळी एकच पक्षी कापा. पाच-सहा एकदम नको. शक्य झालं तर आधी गावातल्या जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून एकदा बघा, आणि दुसऱ्या वेळी तो शेजारी उभा असताना तुम्ही कापा.

लेकीचं आता. तिला नावं ठेवू द्या, पण अंड्यांच्या कोंबड्यांना. नरांना ठेवू नकोस, ते पुढे खायचे आहेत, हे पिल्लं आणाल त्याच दिवशी सांगा. मुलांना खरं लवकर सांगितलेलं झेपतं, उशिरा कळलेलं झेपत नाही. तिला न सांगता, ती शाळेत असताना उरकून टाकू नका. घरी आल्यावर ती मोजणारच, कारण संध्याकाळची मोजणी तुम्ही तिलाच दिलेली असेल, आणि द्यावीही. बघायचं की नाही ते तिला ठरवू द्या, ताटात घ्यायचं की नाही तेही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा पहिल्या वेळी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसला आणि दोन दिवस वरणभातच जेवला. मी आग्रह केला नाही. दुसऱ्या वेळी पडवीच्या खांबाआडून बघत होता. तिसऱ्या वेळी मी नळकांड्याशी उभी होते तर पाण्याची बादली घेऊन आला, म्हणाला, आई, मी डोकं धरू का? दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यानं पेटा मागून घेतला.